गाडीला बुल बार लावण्याआधी (आणि लावला असेल तर): कायदा, विमा आणि गार्ड उतरवायची पद्धत

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ किंवा बोलेरो घेतली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, ‘पुढे गार्ड नाही टाकला अजून?’ ॲक्सेसरीच्या दुकानात तो लटकलेला असतो, बिल मिळतं, तासाभरात फिटिंग होतं. रस्त्यावर दर दहा गाड्यांत एखाद्या गाडीला तो दिसतोही. त्यामुळे हे कायदेशीर असणार असं नव्या मालकाला वाटतं, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीसमोर उभा राहीपर्यंत तो समज टिकतो. हा लेख भारतातल्या, त्यातही महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खासगी गाड्यांबद्दल आहे. कायदा केंद्राचा असल्याने दोन्हीकडे सारखाच लागू होतो.

१. तुमच्या गाडीला नेमकं काय बसलंय ते ओळखा

बाजारात सगळ्यालाच ‘गार्ड’ म्हणतात, पण प्रकार वेगळे आहेत.

बुल बार किंवा क्रॅश गार्ड म्हणजे बंपरच्या पुढे येणारी लोखंडी किंवा स्टीलची पाइपची चौकट. ती बंपरला टेकलेली दिसली तरी तिचे ब्रॅकेट मागे चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) टोकांना बोल्ट केलेले असतात. ऑफरोड बंपर म्हणजे कंपनीचा बंपर काढून त्या जागी बसवलेला जाड पत्र्याचा बंपर. त्यात बहुधा विंचची (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राची) जागा असते. पाइपचा गार्ड साधारण १५ ते ३० किलोचा असतो, तर विंचसकट स्टीलचा बंपर ६० ते १०० किलोपर्यंत जातो. तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या शोभेच्या पट्ट्या आणि कोपऱ्यांचे रबरी संरक्षक. हे चासीला जोडलेले नसतात, आणि वाद त्यांच्याबद्दल नाही.

गाडीखाली वाकून बघा. ब्रॅकेट चासीपर्यंत गेला असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

२. कायदा काय म्हणतो

मुळाशी आहे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाने गाडीत करू नये, हा त्याचा गाभा.

७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांच्या परिवहन विभागांना पत्र लिहून सांगितलं की क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणं हे कलम ५२ चं उल्लंघन आहे, पादचाऱ्यांना आणि गाडीतल्या माणसांनाही त्याचा धोका आहे, तेव्हा कारवाई करा. ‘सरकारने बंदी घातली’ असं म्हणतात ते याच पत्रामुळे. दुकानदार यावर हमखास सांगतात, ‘ते नुसतं पत्र आहे, कायदा नाही.’ पत्र म्हणजे कायदा नव्हे, हे खरंच. पण ते काढून ठेवलं तरी कलम ५२ जागेवरच राहतं. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला: उत्पादकाने मंजूर नमुन्यात दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाही.

दंडाचं कलम २०१९ च्या दुरुस्तीने आलं, ते १८२अ. त्यातल्या या दोन तरतुदी लक्षात ठेवा:

- मालकाने परवानगी नसलेला बदल केला, त्यात बाहेरून सुटे भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गार्ड, त्यावरचा लाइट बार आणि कापलेला बंपर हे तीन बदल धरले जाऊ शकतात.
- उत्पादक, आयातदार किंवा डीलरने नियमबाह्य बदल केलेली गाडी विकली, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

दुसरी तरतूद शोरूममध्ये कामाला येते. सेल्समन ‘ॲक्सेसरी पॅक’मध्ये स्टीलचा गार्ड घुसवत असेल तर एवढंच म्हणा: ‘डीलरच्या बिलावर पार्ट नंबरसकट लिहून द्या आणि हा कंपनीने मंजूर केलेला भाग आहे असं पत्र द्या.’ बहुतेक वेळा गार्डचा विषय तिथेच संपतो.

बचावाचा एक मुद्दा वकील मांडतात. कलम ५२ मध्येच ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ स्वरूप पालटणारा बदल, असं स्पष्टीकरण आहे. बोल्टने लावलेला आणि काढता येणारा गार्ड त्यात बसत नाही, असा तो युक्तिवाद. तो न्यायालयात जरूर मांडावा. रस्त्यावर चलन फाडणाऱ्या निरीक्षकापुढे किंवा विम्याच्या सर्व्हेअरपुढे त्याचा उपयोग नाही.

३. दुकानात ऐकू येणारी चार विधानं

‘दोन टक्क्यांपर्यंत वजन वाढवायला परवानगी आहे.’ कलम ५२ च्या जुन्या मजकुरात तशी सूट होती. २००० साली ते कलम बदललं आणि ती सूट गेली. अजूनही तिचा दाखला दिला जातो.

‘पोलिसांच्या गाड्यांना, आमदारांच्या गाड्यांना असतो की.’ असतो. त्यांच्या चुकीने तुमचा क्लेम पास होत नाही.

‘कोकणात गवा नाहीतर रानडुक्कर आडवं आलं तर?’ आंबोली, राधानगरी या भागांत रात्री गाडी चालवणाऱ्यांची ही भीती खोटी नाही. पण पूर्ण वाढलेला गव्याचा नर आठशे-हजार किलोचा असतो आणि त्याचं धड बॉनेटच्या वर येतं. पाइपचा गार्ड त्याचे पाय मोडतो आणि धड काचेवर आणून टाकतो. तिथे वेग चाळीसच्या आत ठेवणं आणि हेडलाइटचा झोत नीट लावलेला असणं, याला पर्याय नाही.

‘ऑस्ट्रेलियात तर सर्रास चालतो.’ चालतो, पण तिथे बुल बारसाठी स्वतंत्र मानक आहे. विशिष्ट मॉडेलसाठी एअरबॅगशी जुळवून तपासलेला बार मिळतो, बाहेर आलेल्या धारदार कडांवर बंधनं आहेत, आणि विमा कंपनीला तो कळवावा लागतो. मेलबर्न किंवा पर्थच्या नातेवाइकाचा अनुभव इथल्या वेल्डिंगच्या दुकानातल्या पाइपला लागू करू नका.

४. गार्डमुळे गाडीत नेमकं काय बिघडतं

हे समजलं की सर्व्हेअर कशाकडे बघतो तेही समजेल.

आजच्या गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळतो. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ५६ किलोमीटरला, गाडीच्या पुढच्या रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळून घेतात. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी योजना, तीच चाचणी ताशी ६४ ला घेते. या चाचण्यांत बंपर, त्यामागचा आडवा बीम आणि चासीची टोकं क्रमाने दबून धक्का लांबवतात. गार्ड थेट चासीच्या टोकांना बांधला की हा क्रम मोडतो आणि धक्का आखडून सरळ केबिनकडे येतो. त्या गाडीला मिळालेले स्टार गार्डशिवायच्या गाडीचे असतात.

एअरबॅगचं गणित मिलिसेकंदांचं आहे. पुढच्या सेन्सरना धक्क्याचा जो आकार ओळखायला शिकवलेला असतो, तो गार्डमुळे बदलतो. ‘गार्ड असला की एअरबॅग उघडतच नाही’ हे अर्धसत्य आहे. ती उशिरा उघडू शकते, उघडायला हवी तिथे न उघडू शकते, आणि पार्किंगच्या जोरदार ठोकरीत विनाकारण उघडूही शकते. विनाकारण उघडलेल्या एअरबॅगचा खर्च हा गार्डच्या किमतीपुढे फार मोठा असतो. एअरबॅगबरोबर सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे भाग) आणि कंट्रोल युनिटही बदलावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. अॅडास (चालकाला मदत करणारी रडार-कॅमेऱ्याची यंत्रणा) असलेल्या गाडीचा रडार ग्रिल किंवा बंपरमागे असतो आणि लोखंडी पाइप त्याच्या आड येतो. पार्किंग सेन्सर सतत ओरडतात. गार्डवर मोठे दिवे लावले की रेडिएटर आणि इंटरकूलरची हवा अडते, घाटात तापमानाचा काटा वर सरकतो. जड बंपरने पुढची स्प्रिंग बसते, नाक खाली येतं, हेडलाइटचा झोत बिघडतो. पाइपमागे नंबर प्लेट झाकली तर त्याचं चलन वेगळं.

आणि रस्त्यावरच्या माणसाचं. बॉनेट आणि बंपरची रचना पादचाऱ्याच्या धडकेचाही विचार करून होते. भारतात त्यासाठी एआयएस-१०० हे मानक आहे. लोखंडी पाइप मूल समोर आलं तर डोक्या-छातीच्या उंचीवर लागतो, मोठ्या माणसाच्या मांडीवर किंवा कंबरेवर. हे वाचूनही गार्ड हवा असेल तर पुढचे मुद्दे वाचायची गरज नाही.

५. विमा: दोन भाग वेगळे करा

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण ‘विमा’ म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. ते कायद्याने सक्तीचं. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान. तो तुमचा आणि कंपनीचा करार. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावी लागते आणि ओन डॅमेज दरवर्षी घेता येतं, त्यामुळे दोन्हींच्या कंपन्या वेगळ्या असू शकतात. पत्र पाठवायचं तर दोघींना पाठवा.

*थर्ड पार्टी.* जखमी किंवा मृताच्या कुटुंबाला भरपाई नाकारायला विमा कंपनीला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० मधली मोजकीच कारणं वापरता येतात. गाडीला गार्ड होता, हे त्या यादीत नाही. पण महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हे कारण यादीत आहे. शिवाय अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि त्याच्या अहवालात गार्डची नोंद होते. तो कागद अपघात दावा न्यायाधिकरणात जातो आणि फौजदारी खटल्यातही जातो. तिथे निष्काळजीपणाचा मुद्दा मांडायला विरुद्ध बाजूला आयतं साधन मिळतं.

*ओन डॅमेज.* इथे कंपनीला वाव जास्त आहे. तीन शक्यता असतात: क्लेम पूर्ण मंजूर पण गार्डची किंमत वजा, क्लेम ‘नॉन-स्टँडर्ड’ ठरवून काही टक्के कापून, किंवा पूर्ण नकार. अटींचा भंग नुकसानाच्या मुळाशी नसेल तर सरसकट नकार देऊ नये, नॉन-स्टँडर्ड धरून रक्कम द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने अमलेंदू साहू प्रकरणात २०१० साली सांगितलं. तिथे ७५ टक्के रक्कम मिळाली होती. म्हणजे मागून कुणी ठोकलं आणि पुढच्या गार्डचं कारण देऊन क्लेम नाकारला, तर भांडायला जागा आहे. पण समोरून धडक, गार्डचे ब्रॅकेट चासीत घुसलेले आणि एअरबॅग उघडलेली नसेल, तर तुमची बाजू लंगडी आहे.

आता नेहमीचा प्रश्न: ‘कंपनीला कळवून जादा हप्ता भरला तर?’ बाहेरून बसवलेल्या वस्तू पॉलिसीत दोन रकान्यांत येतात, इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल. दिवे पहिल्यात, त्यासाठी आयएमटी-२४ हे एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा अट) असतं आणि पारंपरिक दर किमतीच्या ४ टक्के. गार्ड दुसऱ्यात, त्याची किंमत आयडीव्हीत (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीत) मिळवली जाते. ऑनलाइन फॉर्मवर हा आकडा भरता येतो, हप्ता वाढतो, पॉलिसी येते. पण तो फॉर्म ती वस्तू काय आहे हे विचारत नाही. हप्ता घेतला म्हणजे कंपनीने गार्ड कायदेशीर ठरवला, असं होत नाही. कलम ५२ शी तिचा काही संबंध नाही. कळवल्याने माहिती लपवल्याचा ठपका टळतो, एवढाच फायदा.

६. लावलेला गार्ड कसा उतरवायचा

जुनी गाडी घेतलीत आणि गार्ड आधीच होता, तरी जबाबदारी तुमचीच. गाडी नावावर झाल्यावर विमा नावावर करायला १४ दिवस असतात. त्याआधी गार्ड काढून मग गाडीच्या तपासणीला उभे राहा.

लागणारं सामान: सॉकेट पाने (बहुधा १७ आणि १९ नंबर), लांब दांड्याचा रॅचेट, टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे, झिंक प्रायमर, रबरी बूच, इन्सुलेशन टेप आणि दुसरा माणूस. गार्डचं वजन शेवटच्या बोल्टवर येतं तेव्हा तो खाली पडतो आणि बंपरचं प्लॅस्टिक फोडतो.

अ) आधी फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून ब्रॅकेटचे.

आ) बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मालकाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. ही पायरी एअरबॅगच्या सेन्सरसाठी आहे. इग्निशन चालू ठेवून चासीच्या टोकावर हातोडा मारू नका.

इ) गार्डवर दिवे असतील तर वायर कापून सोडून देऊ नका. फ्यूज आणि रिलेपर्यंत मागे जा आणि पूर्ण हार्नेस (वायरचा जुडगा) काढा. हेडलाइटच्या वायरला टोचून घेतलेला जोड असेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून नीट बंद करून घ्या. पावसाळ्यात बिघाड तिथूनच सुरू होतो.

ई) बोल्टना स्प्रे मारून अर्धा तास थांबा, मग खालचे आधी आणि वरचे शेवटी सोडा.

उ) इथे बहुतेक फिटर चुकतात. गार्ड बसवताना बंपर-बीमचे मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट घातलेले असतात. गार्ड काढल्यावर तेच लांब बोल्ट वॉशर लावून आवळले जातात. तसं करू नका. कंपनीचे मूळ लांबीचे बोल्ट पार्ट नंबरने मागवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

ऊ) चासीला नवीन भोकं पाडली असतील तर ती घासून झिंक प्रायमर मारा. वेल्डिंगने भरायला लावू नका. चासीची टोकं ठरावीक पद्धतीने दबावीत म्हणून बनवलेली असतात. ब्रॅकेट वेल्डच केलेला असेल तर तो घरी कापू नका, अधिकृत बॉडी शॉपला दाखवा.

ए) बॅटरी जोडून एअरबॅगचा दिवा बघा. इग्निशन दिल्यावर पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. अॅडास असेल तर रडार-कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आणि कुठल्याही गाडीत हेडलाइटचा झोत तपासून घ्या.

ऐ) पुन्हा फोटो काढा. दोन्ही संच आणि सर्व्हिस सेंटरचं बिल विमा कंपनीला ईमेल करा. विषयात पॉलिसी नंबर आणि ‘बाहेरून बसवलेला भाग काढल्याबाबत’ एवढं पुरे. गार्डची किंमत आयडीव्हीत धरली असेल तर ती कमी करायला त्याच ईमेलमध्ये सांगा.

७. ट्रेलवर जायचं असेल तर

चिखल-दगडात गाडीला खरा मार बसतो तो पोटाला. इंजिन आणि गिअरबॉक्सखालचा संरक्षक पत्रा, कंपनीने दिलेले पुढचे-मागचे टो-हुक, गाडीच्या वजनाला पुरेल असा दोर आणि रेटिंग कोरलेली शॅकल (दोर अडकवायची कडी), यावर पैसे घाला. त्यातही कंपनीच्या यादीतला भाग मिळत असेल तर तोच घ्या. पाइपच्या गार्डला दोर बांधून गाडी कधीही ओढू नका; वेल्ड सुटला तर पाइपचा तुकडा गोळीच्या वेगाने ओढणाऱ्या गाडीच्या काचेत येतो.

‘मी फक्त खासगी जागेत वापरतो’ हे तुमच्या शेतापुरतं ठीक. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट, मग ती डांबरी असो की मातीची, कायद्याने सार्वजनिक जागाच. आणि स्पर्धांबद्दल पॉलिसीतला ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद वाचाच. शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाच्या स्पर्धा यांतलं नुकसान साध्या खासगी पॉलिसीत धरत नाहीत. गार्ड असो वा नसो.

८. गार्ड असताना अपघात झालाच, तर

कुणी जखमी असेल तर आधी दवाखाना. कलम १३४ प्रमाणे ते चालकाचं कर्तव्य आहे, तसंच २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणंही. गाडी हलवण्यापूर्वी फोटो घ्या. सर्व्हेअर येण्याआधी गार्ड काढून लपवायचा मोह अनेकांना होतो, गॅरेजवाले सुचवतातही. ब्रॅकेटच्या खुणा, ताजे बोल्ट आणि पोलिसांचे फोटो हे सगळं उघड करतात, आणि मग विषय गार्डचा न राहता खोट्या माहितीचा होतो.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- आरसी, चालकाचा परवाना, पॉलिसी (दोन असतील तर दोन्ही)
- क्लेम फॉर्म आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च
- एफआयआर किंवा स्टेशन डायरीच्या नोंदीची प्रत, पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत
- गार्डबद्दल कंपनीशी झालेला आधीचा ईमेल
- गार्डचं बिल आणि डीलरने बसवला असल्यास डीलरचं बिल

क्लेम नाकारला किंवा कापला तर कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या अटीवर बोट ठेवलंय ते मागा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. तक्रारीत गार्ड होता हे पहिल्याच परिच्छेदात मान्य करा आणि नुकसानाशी त्याचा संबंध का नाही, ते फोटो क्रमांक देऊन दाखवा.